चौदा बोटं कमी पडलेली सुतळी

सई आणि निहार,

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवील. ती वाचताना शेजारी बसा आणि ती एकही ओळ गाळत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. ती नेहमी घाईत असते. माझीच मुलगी आहे.

आजोबांना जाऊन पाच आठवडे झाले. आत्ताच का लिहिते, तर गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, आजोबाची मेमरी पूर्ण गेला होता का? मम्मा सेज ही फरगॉट एव्हरीथिंग." मी म्हटलं, "वय झालं होतं बाळा त्यांचं, होतं असं." आणि लगेच तुमच्या मेलबर्नच्या शाळेतल्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल विचारू लागले. कॉल संपला आणि माझ्या लक्षात आलं, की हेच उत्तर मी याआधी एकदा दिलं होतं, खुद्द आजोबांना. दोन्ही वेळा ते खोटं होतं.

खरं काय ते मला तुम्हाला सांगायचं आहे. पण ज्यांची क्षमा मागायची त्यांना वगळून तुम्हाला सांगणं बरं नाही. म्हणून इथून पुढे मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही ऐका.

अहो,

तीन वाजले आहेत. "ऑफिस उघडलं का?" असं तुम्ही विचारण्याची ही वेळ. मी इथे विलायतेत, इल्फर्डच्या एका शाळेच्या ऑफिसात तेवीस वर्षं काढली, म्हणून तुम्ही मला आयुष्यभर 'ऑफिस' म्हणालात. ऑफिस रागावलंय. ऑफिसला चहा हवाय. डब्यांवर मी लेबलं लावली, तर तुम्ही एक लेबल स्वतःच्या शर्टाच्या खिशाला चिकटवून बसलात: 'नवरा, कोरड्या जागी ठेवा.' तेव्हा तुम्हाला दिसत होतं.

ते पुस्तक तुम्हाला हाय स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये मिळालं. तेव्हा भिंग लावून थोडं तरी वाचता येत होतं. जाड, कणा निघालेलं, आणि सुरुवातीची बारा-चौदा पानं फाटून गेलेली. त्यामुळे लेखक कोण, हे आपल्याला कधीच कळलं नाही. मी म्हटलं, "आपल्या मीनलला फोन करते, ती इंटरनेटवर शोधून काढेल." तुम्ही म्हणालात, "कशाला? नाव कळलं की तो मोठा माणूस होईल. असाच बरा आहे." मग तो आपला 'साहेब' झाला. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अरबस्तानात उंटावरून फिरलेल्या युरोपियनांपैकी कोणीतरी एक. अरबी कपडे घालून, आपण दमास्कसकडचे हकीम आहोत असं सांगत, लोकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत हिंडणारा.

तुम्हाला त्या मुलखाचं वेड का, हे मुलांना माहीत नाही. लग्नाच्या आधी तुम्ही दोन वर्षं तिकडे रस्त्याच्या कामावर सर्व्हेयर होता. इथे येऊन कौन्सिलच्या रस्तेखात्यात पस्तीस वर्षं काढली, पण मोजमाप म्हटलं की तुम्ही तिकडचंच काढायचात. "जीपमधून तो मुलूख तीन दिवसांत संपला," म्हणायचात. "तीन दिवसांत काय दिसणार? पायी जाणाऱ्याला काय दिसलं, ते मला बघायचंय."

आणि मग तुमचे डोळे मधूनच गेले. कडा राहिल्या, मधलं गेलं. क्लिनिकमध्ये डोळ्यांत इंजेक्शनं घेऊन परत येताना बसमध्ये तुम्ही माझा हात धरून बसायचात आणि म्हणायचात, "मला आता लोकांचे फक्त कान दिसतात. तुझे चांगले आहेत."

वाचून दाखवायची कल्पना माझीच. रोज तीन ते चार. साहेबाचं इंग्रजी जुनं, वाक्यं पानभर लांब. तुम्हाला कामाचं इंग्रजी उत्तम येत होतं, पण हे ऐकून तुम्ही वैतागायचात. "तू कॉन्व्हेंटची. तूच याचं मराठी करत जा." मग मी मनात इंग्रजी वाचायचे आणि मोठ्याने मराठी सांगायचे. म्हणजे पानावर काय आहे, हे या घरात फक्त मला माहीत असायचं. यात काही धोका आहे, असं तेव्हा मनातही आलं नाही.

तुम्ही नकाशा मागितलात. शाळेने टाकून दिलेला चार फुटी नोटीसबोर्ड गॅरेजमध्ये होता. किनारा कुठून कुठे वळतो, हे तुम्ही सांगितलंत आणि तिथे मी लोकर चिकटवली. वाळवंटातलं हाइल गाव, तिथे एक मोठ्या डोक्याची टाचणी. खाली समुद्राकाठी जिद्दा, तिथे दुसरी, मधलं अंतर तुम्ही खऱ्या मैलांवरून मापून दिलेलं. साहेब हाइलहून जिद्द्याला निघाला होता. रोज किती तास चाललो आणि कुठल्या दिशेला, एवढं तो नेमाने लिहायचा. तारखा मात्र त्याने सोडून दिल्या होत्या, प्रत्येक मुक्काम 'दुसऱ्या दिवशी' या शब्दांनी सुरू व्हायचा. तुमचा हिशोब ठरला: उंटाचे तीन तास म्हणजे सुतळीचं एक बोट. दिशा मी घड्याळाच्या आकड्याने सांगायची. "सातच्या दिशेला, आठ तास." तुम्ही बोटांनी सुतळी मापायचात, गाठीत जाणारी जास्तीची धरायचात, गाठ मारायचात, टाचणी खुपसायचात. एक गाठ, एक मुक्काम.

आपलं भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. "हे लोक तास फुगवून लिहितात," तुम्ही म्हणालात. "सहा चालले की आठ लिहायचे. परत गेल्यावर भाषणं द्यायची असतात ना."

"जो माणूस रोज डायरी लिहितो, तो खोटं लिहीत नाही," मी म्हटलं.

"ऑफिसचा रजिस्टरवर फार विश्वास."

"आणि तुमचा कोणावर आहे?"

"सुतळीवर. तास फुगवले असतील, तर सुतळी जिद्दा ओलांडून समुद्रात जाईल. बघशील तू."

दुसरं भांडण थेंबांवरून. एका तंबूत साहेबाला ताक मिळालं, राखेत भाजलेली भाकरी मिळाली, आणि एका म्हातारीने त्याला आपल्या नातवाचे डोळे दाखवले. त्याने थेंब घातले. त्याच पानावर पुढे त्याने लिहिलं होतं, की त्या बाटलीत साखरपाण्याखेरीज आता फारसं काही उरलं नव्हतं. तुम्ही सुतळी खाली ठेवलीत. "पुढे नको आज." मी साहेबाची बाजू घेतली. परका मुलूख, ओळख उघडी पडली तर जीव जायचा, तो करणार काय? तुम्ही म्हणालात, "वेष कर, नाव बदल, माझं काही म्हणणं नाही. पण जिची भाकरी खाल्ली तिला तरी खरं सांग, की बाई, माझ्या हातात औषध नाही. ती तुझ्याच तर भरवशावर बसलीय."

मी तुमच्या डोळ्यांत चार वाजताचे थेंब घातले आणि विषय तिथेच राहिला. आपलं ते भांडण मिटलेलंच नाही. आता मी तुमच्या बाजूची झाले आहे, पण ते ऐकायला तुम्ही नाही.

पहिल्यांदा पान गाळलं त्या दिवशी मला मंडळाच्या मीटिंगला जायचं होतं, गणपतीच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. साहेब खडीच्या माळावरून चालला होता. पाणी नाही, माणूस नाही, दोन पानं नुसती खडी. पुढच्या पानावर विहीर दिसत होती, विहिरीवर भांडण दिसत होतं. मी पान उलटलं आणि म्हटलं, "दुसऱ्या दिवशी ते एका विहिरीपाशी आले." तुम्ही खुशीत गाठ मारलीत. "आज बरीच मजल मारली."

किती सोपं होतं ते. त्यानंतर वाळवंट रेंगाळायला लागलं की मी उडी मारायचे. मला कंटाळा यायचा, हे सरळ लिहिते. तुम्ही पुढे झुकून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकायचात, आणि मी पानाच्या तळाशी नजर टाकून गाव कुठे येतं ते शोधायचे. पण मी नीटनेटकी बाई. गाळलेल्या प्रत्येक दिवसाच्या समासात मी पेन्सिलने बारीक खूण करत होते, वेळ मिळाला की परत येऊन वाचून दाखवू म्हणून. अशा सहा खुणा झाल्या. वेळ मिळत होता. मी परत गेले नाही.

मार्चमध्ये साहेबाला डोंगराच्या खिंडीतून समुद्र दिसला. मी ते वर्णन मन लावून सांगितलं. तुम्ही शेवटची गाठ मारलीत आणि उजव्या हाताने जिद्द्याची टाचणी चाचपलीत. डावा हात सुतळीच्या टोकावर. दोन्ही हातांत अंतर राहिलं. तुम्ही बोटांनी ते मोजलंत. एकदा, दोनदा.

"चौदा बोटं कमी," तुम्ही म्हणालात. "साहेबाला समुद्र दिसतोय आणि माझी सुतळी अजून वाळवंटात."

मी हसले. त्याच क्षणी सांगितलं असतं तर तुम्हीही हसला असतात. "लबाड ऑफिस," म्हणाला असतात, आणि आपण दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती गाळलेली पानं उघडली असती. एवढीच गोष्ट होती. पण मी तुमचा चेहरा बघितला. मी चहा टाकायला उठले.

तुम्ही गप्प बसणारे नव्हतात. दुसऱ्या दिवशी सगळी सुतळी सोडलीत. "मला वाचून दाखवू नकोस," म्हणालात, "फक्त पुस्तक उघडून बस. मी म्हणतो, तू ताडून बघ." आणि हाइलपासून पुन्हा एकेक गाठ मारत सुरुवात केलीत. "पहिला दिवस, सात तास, सातच्या दिशेला. दुसरा, नऊ तास, साहेबाचा उंट लंगडत होता. तिसरा, आठ, टोळ खाल्ले." एकोणीस दिवस तुम्ही पाठ म्हणालात. तास, दिशा, कोणाशी भांडण झालं, कॉफीचं भांडं कोणी फोडलं, सगळं. मी बोट ठेवून ताडत होते. निहार, सई, नीट ऐका: एकही चूक नव्हती. ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने पुस्तकाचं पुस्तक पाठ म्हटलं आणि त्यात एक तास इकडचा तिकडे झाला नाही.

सुतळी पुन्हा चौदा बोटं कमी पडली.

"मग मी काही दिवस सबंधच विसरलो," तुम्ही म्हणालात. आवाज अगदी शांत. "तू सांगितलेस आणि माझ्या डोक्यातून पुसले गेले. गाठ मारायला विसरलो असतो, तर दिवस तरी आठवला असता. इथे दिवसच नाहीत. हे निराळं आहे."

माझ्या मांडीवर पुस्तक होतं. समासात माझ्याच पेन्सिलच्या खुणा होत्या. आणि मी म्हटलं, "वय झालं हो. होतं असं."

याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

त्यानंतरचं मला नीट लिहायला हवं, कारण मुलांना त्यानंतरचेच आजोबा आठवतात. तुम्ही जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, गेलात. तिथल्या बाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, शब्द लक्षात ठेवायला लावले. तुम्ही सगळं बरोबर केलंत. त्या म्हणाल्या, तुमच्या वयाला उत्तम आहे. बाहेर येताना तुम्ही मला म्हणालात, "त्यांनी जे विचारलं ते मला आठवलं. जे गेलं त्याबद्दल त्या कसं विचारणार?" स्वतःच्या गोळ्या स्वतः काढून घेणारे तुम्ही, डबी माझ्या हातात दिलीत. चहा करणं सोडलंत, गॅस बंद करायचा राहील म्हणून. सई व्हिडिओवर गोष्ट मागायची, तर म्हणायचात, "आजीला विचार गं. माझं आता काही खरं नाही." मीनल फोनवर मला विचारायची, "बाबा फार विसरतात का?" मी म्हणायचे, "तसे ठीक आहेत." ती त्यातून जे समजायचं ते समजली. तुम्ही काहीही विसरत नव्हतात. विसरायला लागलो आहोत, एवढंच तुम्ही धरून बसला होतात, आणि ते तुमच्या मनात मी घातलं होतं.

आठ महिने. या आठ महिन्यांत रोज तीन वाजले. मी का बोलले नाही, हे स्वतःला अनेकदा विचारलं. पहिले काही दिवस लाज वाटली. मग वाटलं, इतके दिवस गेले, आता सांगितलं तर पानं गाळण्यापेक्षा गप्प राहण्याचाच राग जास्त येईल. प्रत्येक दिवसाबरोबर सांगणं अवघड होत गेलं. अर्ज आल्या दिवशी उत्तर गेलं पाहिजे, हे मी शाळेत नव्या मुलींना शिकवत असे.

मग छातीत कफ झाला आणि हॉस्पिटल. दुपारच्या भेटीच्या वेळी मी तुम्हाला संत्रं सोलून देत होते. तुम्ही मास्क बाजूला केलात. मला वाटलं पाणी हवंय.

"त्या साहेबाची मी उगाच बदनामी केली," तुम्ही म्हणालात. "फुगवून लिहितो म्हटलं. तो बिचारा खरा होता. माझंच डोकं चुकलं."

"अहो, मला एक सांगायचंय," मी म्हटलं. खरंच म्हटलं. तेवढ्यात नर्स आली, मास्क नीट बसवला, ब्लड प्रेशर घ्यायचं म्हणाली. तुम्ही भुवई उंच करून माझ्या बोलण्याची वाट बघितलीत. मी तुमच्या हातावर थोपटून म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तुम्ही झोपेत होता. तुम्ही पुन्हा जागे झाला नाहीत.

तेराव्याला घर भरलं होतं. मीनल कोणाला तरी सांगत होती, "शेवटी शेवटी बाबांना विसरायला होत होतं, एका परीने सुटले." मी तेव्हा पानं वाढत होते. वाढत राहिले. मग निहारचा प्रश्न आला आणि मी तेच वाक्य पुन्हा बोलले. तेव्हा मात्र मला स्वतःची भीती वाटली. एकदा चूक म्हणता येते. दुसऱ्यांदा मी जाणून-बुजून तुम्हाला नातवंडांसमोर विसराळू ठरवलं.

सोमवारी तीन वाजता मी तुमच्या खुर्चीसमोर बोर्ड ठेवला, पुस्तक उघडलं आणि पहिली खूण काढली. मोठ्याने, मराठीत वाचलं. मला वाटत होतं, त्या पानांत काहीतरी मोठं सापडेल आणि मला शिक्षा होईल. तसं काही नव्हतं. पहिल्या दिवशी खडी. दुसऱ्या दिवशी खडी, आणि वारा. तिसऱ्या दिवशी साहेबाच्या सोबत्याने चपलेचा तुटलेला पट्टा उंटाच्या केसांनी शिवला, त्यातच सकाळ गेली. चौथ्या दिवशी मिठाचा पांढरा पट्टा लागला आणि उंट त्यावरून घसरले. पाचव्या दिवशी, नऊ तासांत, एक कावळा. साहेब लिहितो, की तो कावळा त्यांच्याबरोबर दुपारपर्यंत चालत आला, उडाला नाही, आणि मग कंटाळून मागे फिरला. सहाव्या दिवशी कोणीच कोणाशी बोललं नाही.

तुम्ही हा कावळा आठवडाभर पुरवला असतात. कावळा कुठून आला, पाणी किती लांब असेल, कुठल्या दिशेला असेल, यावरून तुम्ही बोर्डवर एखादी नवी टाचणी लावली असतीत. पायी जाणाऱ्याला काय दिसलं, ते बघायचं होतं ना तुम्हाला? ते याच पानांत होतं. मी तुम्हाला गावं आणि भांडणं दिली, जी जीपमधूनही दिसतात.

मग सुतळी. हे सहा दिवस मधले आहेत. जागच्या जागी घालायचे तर तुमच्या गाठी सोडाव्या लागल्या असत्या. तो धीर मला झाला नाही. दिशा सगळी सातचीच होती, म्हणून मी ते तुमच्या शेवटच्या गाठीपुढे जोडले. माझी बोटं तुमच्यापेक्षा बारीक, म्हणून आधी तुमच्या गाठींमधलं अंतर मोजून घेतलं. सहा दिवस, अठ्ठेचाळीस तास, सोळा बोटं.

चौदा बोटांवर जिद्दा लागलं. सुतळी टाचणी ओलांडून पुढे गेली.

अहो, साहेब फुगवून लिहीत होता. थोडंच, पण फुगवत होता. तुम्ही पहिल्या आठवड्यात म्हणालात ते बरोबर होतं. आणि तुमचं डोकंही बरोबर होतं. या घरात चुकलेली मी एकटी होते, आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही क्षमा केली असती की नाही, हे मी ठरवू शकत नाही. केली असती असं मला वाटतं, आणि तसं वाटून घेण्याचा हक्क मला नाही, असंही वाटतं.

मीनल, तू हे मुलांना वाचत वाचत इथपर्यंत आली असशील. थांबू नकोस, वाच. तुझे बाबा काही विसरले नव्हते. ज्यांना ज्यांना तू तसं सांगितलंस, त्यांना फोन करून खरं सांग. नाहीतर यादी मला पाठव, मी करते. ऑफिस उघडं आहे.

अहो, बोर्ड बैठकीच्या खोलीत तुमच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवला आहे. पुस्तक शेजारच्या शेल्फवर आहे, समासातल्या खुणा मी खोडलेल्या नाहीत. एकोणीस गाठी तुमच्या, सहा माझ्या. सुतळी जिद्द्याच्या टाचणीपुढे समुद्रात दोन बोटं गेली आहे.